बारा ट्यूबांचा तैलरंग संच: एका ताऱ्याचे साडेतीन तारे कसे झाले

या संचाला मी चार महिन्यांपूर्वी एक तारा दिला होता. रागाच्या भरात दिला होता. ते लिहिलेलं काढून टाकून आता नव्यानं लिहिते आहे. मधल्या काळात याच रंगांनी काढलेलं माझं पहिलं चित्र कपाटावर टेकवून ठेवलं होतं, येता-जाता नजर पडायची आणि एकेक करत कळत गेलं की यातल्या निम्म्या चुका खोक्यातून आलेल्या नाहीत, माझ्या हातातून आलेल्या आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हणालं तर मुकाट ऐकून घेईन. पण अंगणही जरासं वाकडं आहेच, तेही सांगते.

खोक्यात काय येतं ते आधी. १२ मिलीच्या बारा ट्यूबा, नायलॉनचे पाच ब्रश, एक प्लॅस्टिकचा पॅलेट नाइफ, अंगठा घालायला भोक असलेला लाकडी पॅलेट, ३० बाय ४० सेंटिमीटरचा एक कॅनव्हास बोर्ड, जवसाच्या तेलाची आणि टर्पेंटाइनची एकेक लहान बाटली आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नवशिक्यांसाठीचे संच बहुतेक याच साच्यातले असतात, त्यामुळे तुमच्या हातात दुसऱ्या कोणाचा असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आता माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी एकतीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग केलं. आधी बोर्डावर टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन, नंतर कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावर रंग हातात घेतले तेव्हा पहिलं चित्र कशाचं काढायचं हा प्रश्नच पडला नाही. फुलदाण्या, डोंगर-नद्या माझ्या हाताला परक्या. इमारती मात्र झोपेतही काढता येतील. गच्चीवरून दिसणारा चौक, दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती, मधून लांब जाणारा रस्ता, संध्याकाळचं ऊन. फोटो काढला आणि बसले. आठवड्यात होईल असं वाटलं होतं. दोन महिने लागले.

पहिली ठेच रंगांच्या आधीच लागली, त्यात संचाचा काही दोष नाही. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दाखवण्याची आखणी, मला येतं. बोर्ड टेबलाला चिकटवला, दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा मिळतात ते बिंदू, बोर्डाच्या बाहेर टेबलावर पडत होते तिथे टाचण्या टोचल्या, दोरा ताणून सगळ्या कडा आखल्या. छान झालं. उभ्या रेषा मात्र आळस करून फोटोवरून छापून घेतल्या. दोन दिवसांनी नातू मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, या बिल्डिंगा बाहेरच्या बाजूला का पडतायत?" बघते तर खरंच. गच्चीवरून खाली बघत फोटो काढला की कॅमेरा झुकलेला असतो आणि उभ्या रेषा खाली एकमेकींकडे धावतात, वर फाकतात. डोळ्यांना समोर बघताना तसं जाणवत नाही, फोटोत पक्कं बसतं. एकतीस वर्षं ओळंब्याच्या रेषा काढलेल्या बाईनं हे विसरावं! सगळं खोडून उभ्या रेषा उभ्या केल्या. कॅनव्हास बोर्डावर पेन्सिल जास्त खोडली की ग्राफाइट राखेसारखं पसरतं आणि मग पांढऱ्या रंगात मिसळून आकाश मळकट करतं, हेही तेव्हाच कळलं.

आता रंग. संचाची सगळ्यात चांगली गोष्ट अशी की प्रत्येक ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड छापलेला आहे. पीडब्ल्यू ६ म्हणजे टिटॅनियम व्हाइट, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबीआर ७ म्हणजे अंबर-सिएना जातीचे मातीचे रंग. सुरुवातीला मी हे औषधाच्या पाकिटावरच्या बॅच नंबरसारखं दुर्लक्षित केलं. नंतर त्याचीच सगळ्यात जास्त मदत झाली. नावं फसवतात, कोड फसवत नाही.

हिरव्यानं मला असंच फसवलं. ट्यूबवर नाव 'व्हिरिडियन ह्यू'. ह्यू हा शब्द मी वाचलाच नाही. ह्यू म्हणजे तो रंग नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा. खरा व्हिरिडियन पीजी १८, सौम्य, पारदर्शक, मिसळला की दबून राहणारा. या ट्यूबमध्ये होता पीजी ७, म्हणजे थॅलो ग्रीन, आणि हा मोहरीएवढा घेतला तरी अख्ख्या पॅलेटचा ताबा घेतो. आकाशाच्या निळ्यात जरा गारवा यावा म्हणून टोकावर घेतला. आकाश पोहण्याच्या तलावासारखं झालं. पांढरा घातला, फिकट तलाव झाला. अजून पांढरा घातला, अजून मोठा फिकट तलाव झाला. शेवटी पॅलेट नाइफनं सगळं खरवडून काढलं, पण ब्रशच्या मुळाशी तो बसून राहिला तो राहिलाच. तीन दिवसांनी लाल कौलांचं छप्पर रंगवताना तिथूनच बाहेर आला. यात चूक कोणाची? कंपनीनं ट्यूबवर ह्यू लिहिलं आहे, कोडही दिला आहे. चूक माझी. पण माहितीपत्रकात 'हा रंग अगदी थोडा घ्या' एवढं एक वाक्य टाकलं असतं तर शाई संपली नसती.

पांढरा मात्र निव्वळ कंपनीचा दोष. बाराही ट्यूबा सारख्या आकाराच्या ठेवल्या की खोक्यात ओळीनं छान दिसतात, पण रंगवणाऱ्याला पांढरा बाकी कुठल्याही रंगाच्या तिप्पट-चौपट लागतो. माझी १२ मिलीची ट्यूब दुसऱ्या दिवशी आकाशातच संपली, त्यातली निम्मी त्या तलावात. त्याच वेळी अलिझरीन क्रिमसन या गडद लाल रंगाची ट्यूब आजही पोटभर भरलेली आहे. संच घेणार असाल तर सोबत पांढऱ्याची मोठी वेगळी ट्यूब घ्याच, त्याशिवाय सुरुवातच करू नका.

काळ्याबद्दल कंपनीला काय बोलणार, काळा वापरला मीच. सावली म्हणजे काळा आणि पांढरा मिळून राखाडी, असं गणित मनात पक्कं होतं. डाव्या बाजूच्या इमारतींची सावली तशी रंगवली आणि ती बाजू ओल्या छत्रीच्या कापडासारखी निर्जीव दिसायला लागली. मग कंटाळून एका दुपारी नुसता खेळ म्हणून निळा अल्ट्रामरीन आणि गडद तपकिरी बर्न्ट अंबर एकत्र केले. हे मी तुम्हाला शब्दांत कसं सांगू? निम्मं-निम्मं घेतलं की जवळजवळ काळा होतो, पण मेलेला काळा नाही. निळा जरा जास्त पडला की सावली गार होते, अंबर जास्त पडला की तापलेल्या भिंतीची होते. त्यात पांढरा कमी-जास्त करत गेले तर रस्त्याचं डांबर, जुन्या भिंतीचं प्लॅस्टर, पाण्याच्या टाकीची सावली, लांबच्या इमारतींची धूसर रांग, सगळं याच दोन ट्यूबांतून निघालं. या संचातले हे दोन रंग खरोखर चांगले आहेत, दाट आहेत, तेल सुटून वेगळं होत नाही. माझा अर्धा तारा एकट्या अल्ट्रामरीनचा आहे.

लांबच्या इमारतींवर मात्र आधी वाया गेलेले चार दिवस आहेत. लांबचं फिकट दिसतं हे कोणालाही माहीत असतं. म्हणून मी नुसता पांढरा वाढवत गेले आणि त्या इमारती खडूच्या झाल्या. लांबचं फिकट होतं तसं निळसरही होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या कडा हरवतात. मी मागच्या इमारतीच्या कोपऱ्यालाही जवळच्या कोपऱ्याइतकीच धार दिली होती, त्यामुळे ती रस्त्याच्या टोकाला न राहता नाकासमोर येऊन उभी राहत होती. कोरड्या ब्रशनं नुसतं एकदा त्या कडेवरून फिरवलं आणि इमारत सरळ अर्धा किलोमीटर मागे गेली.

आणि खिडक्या. या चित्रातली सगळ्यात मोठी चूक तीच, आणि ती कुठल्याही संचानं टळली नसती. मी एकशे चौदा खिडक्या काढल्या. मोजून. प्रत्येकीला सर्वांत बारीक ब्रशनं काळी चौकट, आडवी-उभी पट्टी, वर छज्जा, काहींना जाळी. आठ दिवस लागले. त्या काळात बोटं आखडायची पण मन प्रसन्न असायचं, कारण हे काम मला येत होतं. मग बोर्ड भिंतीला लावून मागे सरकले आणि बघितलं तर समोर चित्र नव्हतंच. एलिव्हेशन होतं. मंजुरीला पाठवायचा नकाशा, फक्त रंगवलेला.

आखणं हा गुन्हा नाही, हे मी नंतर स्वतःला समजावलं. अठराव्या शतकात व्हेनिसची दृश्यं रंगवणारा कानालेत्तो पट्टी लावून इमारतींच्या रेषा कॅनव्हासवर कोरत असे. पण तो कोरलेलं सगळंच सारख्या जोरानं दाखवत नाही. आणि फ्रेंच चित्रकार पिसारोनं तर १८९७ मध्ये, डोळ्यांच्या दुखण्यामुळे उघड्यावर बसता येईना म्हणून, पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीत बसून बुलव्हार मोंमार्त्र या रस्त्याची दृश्यं एकामागून एक रंगवली. सकाळ, ऊन, पाऊस, आणि एक रात्रीचं. त्यांची छापील चित्रं भिंग लावून बघितली. खिडकी शोधायला गेलं तर एक तिरपा फटकारा मिळतो, माणूस शोधायला गेलं तर कोलनच्या चिन्हाएवढे दोन ठिपके. आणि दूरून बघावं तर अख्खा रस्ता चालता-बोलता.

मग मी काय केलं, तर डोळे बारीक करून आपल्या चौकाकडे परत बघितलं. डोळे किलकिले केले की खिडक्या दिसतच नाहीत. उन्हातली भिंत हा एक मोठा तुकडा, सावलीतली भिंत हा दुसरा, रस्ता तिसरा, आकाश चौथा. एवढे चारच तुकडे जागच्या जागी बसले तरी शहर उभं राहतं. मी मात्र खिडक्यांपासून सुरुवात करून भिंतींकडे आले होते, म्हणजे आधी फर्निचर लावून मग घर बांधायला घेतलं होतं. दुसरी गोष्ट लक्षात आली ती अशी की संध्याकाळी कुठलीच काच काळी नसते. आकाशाकडे तोंड केलेली काच आकाशाचाच रंग घेते, समोरच्या भिंतीकडे बघणारी त्या भिंतीचा. एखादीच, आत दिवा लागलेली, पिवळी. आणि तीसुद्धा पांढऱ्याच्या जवळ जाणारी पिवळी नाही, नारिंगीकडे झुकलेली. शेजारची भिंत पुरेशी गडद ठेवली की ती आपोआप पेटते.

खरवडायला बसले. इथे प्लॅस्टिकचा पॅलेट नाइफ मानेत मोडला. हे मात्र कंपनीच्या खाती. पॅलेट नाइफ लोखंडी, लवचीक पात्याचा वेगळा घ्या. रंग मिसळायला, खरवडायला लागतोच, आणि त्याच्या कडेवर रंग घेऊन कॅनव्हासवर नुसतं टेकवलं की गच्चीचा कठडा, विजेची तार, गॅलरीचे गज अशा रेघा उमटतात की ब्रशनं जन्मात जमणार नाहीत. सगळं झाल्यावर मोजल्या. स्पष्ट दिसणाऱ्या खिडक्या नऊ उरल्या आहेत.

आता वाळण्याबद्दल, कारण इथे माहितीपत्रक सरळ चुकीचं आहे. त्यात लिहिलं आहे, रंग २४ तासांत वाळतो. कुठला रंग? तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि कोणत्या रंगद्रव्यासोबत आहे त्यावर त्याचा वेग ठरतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते वाळायला मदत करतं, म्हणून अंबर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटाला लागत नाही. आयव्हरी ब्लॅक, म्हणजे संचातला काळा, आठवड्यानंतरही चिकट होता. मी पत्रकावर विश्वास ठेवून वेळापत्रक आखलं होतं, त्याची वाट लागली.

त्यातून घडलेला प्रकार सांगते. रस्ता मी आधी आयव्हरी ब्लॅकनंच रंगवला होता, आणि रंग सुळसुळीत फिरावा म्हणून त्यात जवसाचं तेल सढळ हातानं घातलं होतं. तीन दिवसांनी वरून वाळल्यासारखा वाटला, म्हणून त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे काढले, पांढऱ्यात टर्पेंटाइन घालून पातळ करून. नियम याच्या बरोबर उलटा आहे: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. खाली तेलकट, सावकाश वाळणारा थर असला आणि वर कोरडा, लवकर वाळणारा बसला की खालचा हलत राहतो आणि वरचा तडकतो. सहा आठवड्यांनी बघितलं तर पट्ट्यांवर केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या होत्या, काही ठिकाणी पांढऱ्याचे टवके उडालेले. रागानं खरवडायला गेले आणि थांबले. हजारो चाकं जाऊन झिजलेलं झेब्रा क्रॉसिंग असंच दिसतं. चित्रात सगळ्यांना तेवढंच आवडतं. मी कोणाला सांगत नाही.

उलटी चूकही करून झाली. पहिल्या थरात एका ठिकाणी टर्पेंटाइन इतकं ओतलं की वाळल्यावर बोट फिरवलं तर रंग पावडरसारखा हाताला आला. रंग धरून ठेवायला तेलच शिल्लक नव्हतं. आणि गडद सावल्यांमध्ये जिथे अंबर जास्त होता तिथे रंग बोर्डात शोषला जाऊन निस्तेज डाग पडले, शेजारचा भाग चकाकतो आणि हा विटलेला. बोर्ड स्वस्तातला आहे, तेल शोषतो, हा दोष थोडा त्याचाही. जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडानं अगदी हलकं चोळलं आणि लगेच पुसून घेतलं, तेव्हा रंग पुन्हा वर आला.

त्या कापडाबद्दल एक गंभीर गोष्ट, जी पत्रकात ठळक हवी होती आणि कुठेच नाही. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या कापडात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी, हे वेगळं सांगायला नको.

ब्रशांचा निवाडा अर्धा-अर्धा. नायलॉन मऊ आहे, दाट रंग ढकलायला ताकद पुरत नाही, त्यासाठी डुकराच्या केसांचे राठ ब्रश लागतात. पण दोन ब्रशांचे केस वाकडे झाले ते मी रात्रभर टर्पेंटाइनच्या बरणीत डोक्यावर उभे ठेवले म्हणून. दांडी फुगली, केस धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी सैल झाली. पॅलेट बरा आहे. टोपणं वाईट आहेत: आट्यांत रंग गेला की चिकटतात, आणि जोर लावला की मऊ पत्र्याची ट्यूबच पिळवटते. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या चित्रकारानं पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पावणेदोनशेहून जास्त वर्षांनंतर टोपण तरी सुखानं उघडावं एवढीच अपेक्षा. गरम पाण्यात मिनिटभर धरलं की निघतं.

तर साडेतीन तारे. एक तारा पांढऱ्याच्या कंजूषपणाला आणि पॅलेट नाइफला मिळून कापला, अर्धा माहितीपत्रकाला. खिडक्या, तलाव आणि झेब्रा क्रॉसिंग माझ्या नावावर. वार्निश अजून केलेलं नाही, रंगाचा दाट भाग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष जाऊ द्यायचं असतं. दुसरा बोर्ड टेबलावर आहे, तोच चौक, पावसातला. या वेळी आधी चार तुकडे रंगवले आहेत, पेन्सिल ड्रॉवरमध्ये आहे आणि हिरव्या ट्यूबला रबर बँड लावून ठेवला आहे, चुकून उचलली तरी हाताला कळावं म्हणून.